‘आवडत्यात’ आणि ‘गुस्तान’

माझी भाची तासगावची. घरची द्राक्षबाग आहे, स्वतः इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला गेली. कंपनीचं काम मेक्सिकोतल्या लोकांशी, म्हणून तिनं स्पॅनिश शिकायला घेतलं. दिवाळीत साताऱ्याला आमच्याकडे आली ती वही घेऊनच. वहीत एका वाक्याखाली लाल रेघ होती : ‘यो गुस्तो ऊबास’. तिला म्हणायचं होतं की मला द्राक्षं आवडतात.

“यो म्हणजे मी, ऊबास म्हणजे द्राक्षं, आणि गुस्तार म्हणजे आवडणं. ‘मी’ला गुस्तो असं रूप होतं, ते पण बघून लिहिलंय. मग चुकलं कुठं मामा?”

मी तिला म्हटलं, “पुस्तक मिटून ठेव. आता मराठीत सांग.”

“मला द्राक्षं आवडत्यात.” घरी आली की तिची भाषा तासगावची होते.

“‘मी द्राक्षं आवडतो’ असं का नाही म्हणालीस?”

ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. चूक तिची तिलाच दिसली होती. ‘यो गुस्तो ऊबास’ हे स्पॅनिश कानाला तितकंच विचित्र लागतं जितकं आपल्याला ‘मी द्राक्षं आवडतो’. नीट वाक्य आहे ‘मे गुस्तान लास ऊबास’. मे म्हणजे मला. गुस्तान म्हणजे आवडतात. लास ऊबास म्हणजे द्राक्षं. आपल्या वाक्यातलं क्रियापद उचलून मधे ठेवलं की स्पॅनिश वाक्य तयार होतं.

मला या वाक्याबद्दल फार वाटतं, कारण मी स्वतः स्पॅनिश शिकलो तेव्हा याच जागी कितीतरी दिवस अडखळलो होतो. पुस्तक इंग्रजी, वर्गातलं बोलणं इंग्रजी. पुस्तकात लिहिलं होतं की गुस्तार हे उलटं क्रियापद आहे. आय लाइक ग्रेप्स हे वाक्य आधी फिरवून घ्या, ‘द्राक्षं मला सुखावतात’ असं करा आणि मग त्याचं स्पॅनिश करा. मी इमानदारीनं तसं करत होतो. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजी सरळ वाक्यातून इंग्रजी उलट्या वाक्यात, आणि तिथून स्पॅनिशमध्ये. साताऱ्याहून सांगलीला जायचं तर कराडवरून सरळ रस्ता आहे. मी मुंबई गाठून, समुद्र ओलांडून, लंडनवरून सांगलीला येत होतो. स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि २० देशांची राजभाषा. तिच्यापर्यंत पोचायला मराठी माणसानं या एका क्रियापदापुरती तरी इंग्रजीची वाट धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना व्याकरणातला एक प्रश्न पाठ असतो. ‘मला थंडी वाजते’ या वाक्यात कर्ता कोण? नवखा मुलगा ‘मी’ किंवा ‘मला’ सांगतो आणि मार्क घालवतो. धातूला ‘णारा’ लावून प्रश्न विचारायचा. वाजणारी कोण? थंडी. म्हणून कर्ता थंडी. ‘मला पेढा आवडतो’ : आवडणारा कोण? पेढा. ज्याला आवडतो तो वेगळा, आवडणारा वेगळा. कराड, विटा, इस्लामपूरच्या अभ्यासिकांत रात्री बारापर्यंत बसणाऱ्या मुलांना हा ‘णारा’ माहीत आहे, आणि गुस्तारला तो जसाच्या तसा लागतो. आवडणारी वस्तू एक असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान. ज्यांना ती आवडते त्या माणसांची संख्या कितीही असो, तिचा क्रियापदाशी संबंध नाही. मला, तुला, आम्हाला, त्यांना : मे, ते, नोस, लेस. पुढे चहा असेल तर चौघांनाही गुस्ता आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या असतील तर चौघांनाही गुस्तान. ‘मे गुस्ता एल ते’, मला चहा आवडतो. (चहाही ‘ते’ आणि तुलाही ‘ते’, पण वाक्यातल्या जागेवरून गोंधळ होत नाही.) ‘नोस गुस्तान लास फ्रेसास’, आम्हाला स्ट्रॉबेऱ्या आवडतात.

एका बाबतीत तर स्पॅनिश आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण पेढा आवडतो, भाकरी आवडते, दही आवडतं अशी तीन लिंगांची तीन रूपं सांभाळतो. त्यांचं एकच, गुस्ता. कोल्हापूर-सांगलीकडे बायकामुलीही ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात, तसं स्पॅनिश क्रियापद वर्तमानकाळात काय आणि भूतकाळात काय, लिंगाकडे बघतच नाही. उच्चारही आपल्याला जवळचा. गुस्तामधला त हा आपला दंत्य त आहे, जीभ दाताला टेकवून म्हटलेला. इंग्रजी वळणानं ‘गुस्टा’ म्हणायची काही गरज नाही.

आता आवडणारी वस्तू नसून माणूस असेल तर? ‘तू मला आवडतेस’ हे वाक्य घ्या. इथं क्रियापद ‘तू’प्रमाणे चालतं. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तास’, शेवटचा स तोच जो आपल्या ‘आवडतेस’मध्ये आहे. अर्थही तोच, गालावर लाली आणणारा. आपल्याकडे वर्गमित्राला कुणी सहज ‘तू मला आवडतोस’ म्हणत नाही. तिकडेही म्हणत नाहीत. मित्र म्हणून बरा वाटतो असं सांगायला ‘मे काएस बिएन’ असा वेगळा प्रयोग आहे, शब्दशः ‘तू मला बरा पडतोस’. आणि ‘मी तुला आवडते का?’ हा प्रश्न स्पॅनिशमध्ये ‘ते गुस्तो?’ एवढ्या दोन शब्दांत होतो. भाचीनं वहीत लिहिलेलं ‘गुस्तो’ हे रूप खरं तर इथलं, मी कुणाला तरी आवडते तेव्हाचं. आघात मात्र जपायचा. ‘गुस्’वर जोर दिला तर ‘मी तुला आवडते’ आणि ‘तो’वर जोर दिला तर ‘तुला आवडलं’. इंग्रजीतून येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ते गुस्तो’ पचवायला आठवडे लागतात. मराठी मुलगी ते जन्मापासून बोलते आहे.

काळांचंही असंच. इंग्रजीत लाइक्ड म्हटलं की संपलं. आपण मात्र ‘नाटक आवडलं’ आणि ‘लहानपणी पेढे आवडायचे’ यांत फरक करतो, एकदा घडलेलं आणि नेहमी असलेलं. स्पॅनिश हाच फरक गुस्तो आणि गुस्ताबा या दोन रूपांनी करते. या दोन भूतकाळांनी जगभरचे विद्यार्थी हैराण होतात. मराठी विद्यार्थ्यानं मनात विचारायचं : मी इथं ‘आवडलं’ म्हणेन की ‘आवडायचं’? बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. आणि आदबीनं ‘मला यायला आवडेल’ म्हणतो ते ‘मे गुस्तारिआ इर’. ‘मला गायला आणि नाचायला आवडतं’ यात दोन क्रिया असूनही आपलं क्रियापद एकवचनी राहतं. तिकडेही ‘मे गुस्ता कान्तार इ बायलार’, एकवचनीच.

सगळ्यात गोड जुळणी ‘मलापण’ची आहे. कुणी म्हणालं, मला कंदी पेढे आवडतात. तुम्ही म्हणता, मलापण. ‘मीपण’ म्हणत नाही. स्पॅनिशमध्येही ‘आ मी तांबिएन’, म्हणजे मलापण. ‘यो तांबिएन’ म्हणजे मीपण, ते इथं चालत नाही. नकार असेल तर ‘आ मी ताम्पोको’, मलापण नाही. इंग्रजीतला मी टू ‘मीपण’ आणि ‘मलापण’ दोन्हीकडे चालतो, म्हणून इंग्रजीवरून गेलेला माणूस इथं हमखास घसरतो.

ही जुळणी योगायोगाची आहे का? थोडी आहे, थोडी नाही. गुस्तार हा शब्द लॅटिनमधल्या चव घेणं या अर्थाच्या गुस्तारेवरून आला. त्या लॅटिन शब्दाचा आणि संस्कृत ‘जुष्’ या धातूचा, म्हणजे आनंदानं उपभोगणं, मूळ पूर्वज एकच. (आपला रोजचा ‘जोश’ मात्र फारसीतून आलेला, त्याचा इथं काही संबंध नाही.) म्हणजे शब्दांचं रक्ताचं नातं आहे. पण वाक्याची घडण वारशानं आलेली नाही. जुन्या स्पॅनिशमध्ये गुस्तार चव घेण्यासाठीच वापरत, आणि आवडण्यासाठी ‘मे प्लासे’, मला रुचतं, असं दुसरं क्रियापद होतं. गुस्तारनं हळूहळू त्याची जागा घेतली आणि त्याची ‘मला’वाली बैठकही घेतली. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये असं झालं नाही. तिथं आजही ‘एउ गोश्तु दे’ म्हणतात, म्हणजे ‘मी अमुकाची गोडी घेतो’, कर्ता मी. सख्ख्या बहिणी, पण या एका ठिकाणी वाटा वेगळ्या. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत होती. कितीतरी शब्द कोकणीत आले, मराठीतही आले, पण आवडीचं वाक्य कोकणी माणसानं आपलंच ठेवलं : म्हाका आवडटा.

इंग्रजीही पूर्वी ‘मी’वाली नव्हती. चौदाव्या शतकात चॉसरच्या काळी लाइक या क्रियापदाचा अर्थ रुचणं असा होता आणि माणूस ‘मला’च्या रूपात येई. पुढे तिथल्या विभक्ती झिजल्या, वाक्यात पहिला येणारा शब्द कर्ता ठरू लागला आणि ‘मला’चा ‘मी’ झाला. तेव्हा ज्याला पुस्तकं उलटं म्हणतात ते एकेकाळी त्यांच्याही घरचं सरळ होतं. आपल्याकडे तर पाणिनीनं याला स्वतंत्र सूत्र दिलं आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातलं ३३ वं सूत्र सांगतं की रुचणं या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याला आनंद होतो त्याला संप्रदान म्हणायचं, म्हणजेच त्याची चतुर्थी करायची. त्याचं परंपरेनं दिलं जाणारं उदाहरण देवदत्ताला रुचणाऱ्या मोदकाचं आहे. अडीच हजार वर्षांमागच्या व्याकरणकारानं मोदकाला कर्ता केलं आणि देवदत्ताला घेणारा केलं, हे मला स्पॅनिश शिकताना कुणी सांगायला हवं होतं.

याच वाटेवरून उलट्या दिशेनं चालत आलेलं एक माणूस आमच्या सातारा जिल्ह्यात येऊन राहिलं. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी फलटणची बोली अभ्यासली आणि १९७३ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्यावर प्रबंध केला. फलटणच्याच लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परक्यांसाठी मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला. ते १९७५ साली निघाले. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला मराठी शिकताना ‘मी’ सोडून ‘मला’कडे यावं लागतं. आपल्याला जे न शिकवता मिळालं त्याची किंमत अशा माणसांनी केलेली व्याकरणं चाळताना कळते. आपण कधी विचारच केलेला नसतो की ‘मला’ किती ठिकाणी येतो : मला आवडतं, दिसतं, कळतं, सुचतं, जमतं, परवडतं, पटतं, झेपतं.

आणि सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. आज ते सांगली, मिरजेबरोबर एकाच महानगरपालिकेत आहे, औद्योगिक वसाहतीमुळे ओळखलं जातं. पण जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कुपवाड वेगळ्याच कारणानं माहीत आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या भाषांवर केलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा ते सुमारे ३००० वस्तीचं खेडं. काही घरांत कानडी, काही घरांत मराठी, मुसलमानांच्या घरी उर्दू, शिवाय दोर वळणाऱ्यांची तेलुगू. शतकानुशतकं पुरुषमाणसं दिवसभर एका भाषेतून दुसरीत जात होती. त्याचा परिणाम असा झाला की कानडी, मराठी आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक झाला. एका भाषेतलं वाक्य घ्यावं, प्रत्येक तुकड्याच्या जागी दुसऱ्या भाषेतला तुकडा ठेवावा, वाक्य तयार.

मिरजेच्या बाजारात आजही हे कानांनी तपासता येतं. मराठी माणूस म्हणतो मला पाहिजे. कानडी म्हणतो ननगे बेकु. दखनी बोलणारा म्हणतो मेरेकू होना. तेलुगू माणूस नाकु कावालि. चारही ठिकाणी ‘मला’च, हवं असणारा माणूस कर्ता होऊन पुढे येत नाही. मराठीचं आणि कानडीचं कूळ वेगळं असून ही बैठक एक आहे. म्हणून मी जत, मिरज भागातल्या मुलांना सांगतो की स्पॅनिशच्या या धड्यात तुमच्याकडे एक नाही, दोन भाषांची शिदोरी आहे.

पण इथं एक इशारा द्यायला हवा, आणि तो मी भाचीला लगेच दिला. ‘मला’ सापडला म्हणून सगळीकडे ‘मे’ लावत सुटायचं नाही. आधी गुस्तारपुरतेच अडथळे. पहिला, वस्तूच्या आधी येणारा एल, ला, लोस, लास. आपल्याकडे असा शब्दच नाही, त्यामुळे मराठी माणूस ‘मे गुस्ता काफे’ म्हणून मोकळा होतो. ‘मे गुस्ता एल काफे’ असं म्हणावं लागतं. याला युक्ती नाही, सवयच लावायची.

दुसरा अडथळा मोठा आहे. आपण म्हणतो ‘आईला द्राक्षं आवडतात’. ‘आईला’ म्हटलं की काम झालं. स्पॅनिशमध्ये ‘आ मी माद्रे’, माझ्या आईला, एवढ्यावर भागत नाही. पुढे ‘ले’ म्हणजे ‘तिला’ पुन्हा यावं लागतं. ‘आ मी माद्रे ले गुस्तान लास ऊबास’, म्हणजे ‘माझ्या आईला तिला द्राक्षं आवडतात’. हा ‘ले’ मराठी विद्यार्थी खातो. भाचीच्या वहीत पुढच्या पानावर तीन वाक्यांत तो गायब होता. मी तिला म्हटलं, उंबऱ्याशी पाहुणा आला की आधी नाव सांगायचं आणि मग आत येऊन पुन्हा रामराम करायचा, तसं समज. आईचं नाव उंबऱ्यावर, ‘ले’ म्हणजे आतला रामराम. तो केल्याशिवाय कुणी बसायला सांगत नाही. शिवाय हा एकच ‘ले’ त्याला, तिला आणि आदरार्थी तुम्हाला अशा तिघांसाठी चालतो. म्हणून नुसतं ‘ले गुस्ता’ म्हटलं तर कुणाला, हे कळत नाही, आणि ‘आ एल, आ एया, आ उस्तेद’ अशी पुढे ओळख द्यावी लागते. समोरच्याला उस्तेद म्हणणं म्हणजे आपलं अहो-जाहो. तो शब्द मुळात ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजून उरलेला, म्हणून त्याला तृतीयपुरुषी क्रियापद लागतं.

आता गुस्तारच्या बाहेर. ‘मला भूक लागली’ याचं स्पॅनिश ‘मे’नं सुरू होत नाही. ते म्हणतात ‘तेंगो आंब्रे’, माझ्यापाशी भूक आहे, आणि तेंगो हे मी या कर्त्याचं रूप. ‘मला ताप आहे’, ‘मला भीती वाटते’, ‘मला दोन भाऊ आहेत’ ही सगळी वाक्यं तिकडे तेंगोच्या खात्यात जमा होतात. ‘मला पाहिजे’ तर सरळ ‘किएरो’, मी इच्छितो. कुपवाडच्या चारही भाषांत जिथं ‘मला’ आहे, नेमकं तिथं स्पॅनिश ‘मी’ घेते. उलट जिथं आपण ‘माझं’ म्हणतो तिथं ती ‘मला’ म्हणते. ‘माझं डोकं दुखतं’ म्हणजे ‘मे दुएले ला काबेसा’, मला डोकं दुखतं. आपलं वाक्य शब्दशः नेलं तर तिकडच्या माणसाला कळेल, पण कानाला खटकेल. जतकडची कानडी मुलगी इथं मराठी मुलीच्या पुढे जाईल, कारण कानडीत ‘ननगे तले नोवु’ म्हणतात, मला डोकेदुखी. तिनं घरची भाषा आठवावी, शाळेची नाही.

सगळ्यात फसवा शब्द ‘मला आठवतं’. स्पॅनिशमध्ये ‘मे आकुएर्दो’. मे दिसला म्हणून मराठी माणूस खूश होतो आणि ‘मला तू आठवतेस’च्या चालीवर ‘मे आकुएर्दास’ म्हणतो. चूक. इथला मे म्हणजे ‘मला’ नसून ‘स्वतःला’ आहे, आणि क्रियापद ‘मी’चंच चालतं, ज्याची आठवण होते तो ‘दे’ लावून मागे बसतो. पुन्हा ‘णारा’नं तपासायचं : इथं आठवण करणारा मी आहे, म्हणून शेवट ओ.

याच्या उलट एक अनपेक्षित मदत आपल्या ‘ला’ या प्रत्ययातून मिळते. आपण ‘मी डोंगर बघतो’ म्हणतो, पण ‘मी आईला बघतो’. निर्जीवाला ‘ला’ लागत नाही, माणसाला लागतो. स्पॅनिशमध्ये तंतोतंत हेच : ‘बेओ ला मोन्तान्या’, मी डोंगर बघतो, ‘बेओ आ मी माद्रे’, मी आईला बघतो. हा माणसाआधीचा ‘आ’ का येतो हे इंग्रजी पुस्तकात पानभर समजावून सांगितलेलं असतं. अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून आणि मग आजीकडे बोट दाखवून मी तो भाचीला दोन वाक्यांत सांगितला.

आणि एक जागा अशी की जिथं दोन्ही भाषांचा स्वभाव भेटतो असं मला वाटतं. हातातून पेला निसटला तर आपण ‘मी पेला पाडला’ म्हणत नाही, ‘माझ्या हातून पडला’ म्हणतो. स्पॅनिश म्हणते ‘से मे कायो एल बासो’, पेला पडला, तोही ‘मे’, म्हणजे माझ्या बाबतीत. कल्पना सुचली की ‘से मे ओकुर्रे’, मला सुचतं. वाटलं की ‘मे पारेसे’, मला वाटतं. सुचणं, वाटणं, आवडणं, हातून घडणं यांत माणूस करणारा नाही, त्याच्याकडे काहीतरी येतं. म्हणून आपल्याकडे माणूस बाजूला पडतो असंही नाही. ‘आजीला आपलं गाव आवडतं’ यात व्याकरणानं कर्ता गाव, पण ‘आपलं’ म्हणजे कुणाचं? आजीचंच. ‘ला’ लागूनही वाक्याचा धागा तिच्याच हातात आहे. भाषाशास्त्रज्ञ या माणसाला कर्ता म्हणावं की नाही यावर अजून वाद घालतात.

भाची परत पुण्याला गेली. पंधरा दिवसांनी फोन आला. मेक्सिकोतल्या एका सहकारी बाईंशी व्हिडिओवर काम चाललं होतं. त्यांची जेवायची वेळ झाली, त्यांनी डबा उघडला आणि कॅमेऱ्यापुढे धरून विचारलं, ‘गुस्तास?’

“मामा, मी घाबरलेच. तू म्हणाला होतास ना, मे गुस्तास म्हणजे तू मला आवडतेस?”

मी विचारलं, “पुढे मे होता का?”

नव्हता. मग ते हे नव्हे. मेक्सिकोत जेवणारा माणूस समोरच्याला असंच विचारतो. मोठ्यांना ‘गुस्ता?’, बरोबरीच्याला ‘गुस्तास?’. इथं गुस्तार आपला जुना लॅटिन अर्थ धरून आहे, चव घेणं, आणि ‘तू’ खरोखरच कर्ता आहे : घेतेस का चव? बांधावर भाकरी सोडून बसलेला गडी रस्त्यानं जाणाऱ्याला ‘या जेवाया’ म्हणतो, तेच हे.

“मग मी काय म्हणायचं?”

“ग्रासियास म्हणायचं, आणि पुढे प्रोबेचो.”

“प्रोबेचो म्हणजे?”

“पंगतीत आजी वाढताना म्हणते ते. सावकाश होऊ द्या.”